वादकांना खर्चाच्या रकान्यात मांडू नका

1 ऑक्टोबर 2012 रोजी अमेरिकेतल्या मिनीॲपोलिस शहरात मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या वादकांना त्यांच्याच सभागृहाचे दरवाजे बंद झाले. जुना करार आदल्या दिवशी संपला होता आणि नव्या कराराची बोलणी फिसकटली होती. वादकांनी संप पुकारला नव्हता. टाळेबंदी व्यवस्थापनाने केली. पगार थांबले, तालमी थांबल्या, जाहीर झालेले कार्यक्रम एकामागून एक रद्द होत गेले. सगळं पुन्हा सुरू व्हायला 1 फेब्रुवारी 2014 उजाडावा लागला. म्हणजे 488 दिवस.

टाळेबंदी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गिरणी येते, इंजिनिअरिंगचा कारखाना येतो. काळा कोट घालून व्हायोलिन किंवा ओबो वाजवणारी माणसं येत नाहीत. पण तीही पगारावर जगणारी माणसं आहेत. घराचे हप्ते, मुलांच्या फिया, आजारपणं त्यांनाही आहेत. संगीतावर लिहिताना आपण राग, रचना, स्वरसंयोजन यांवर भरभरून लिहितो आणि वाजवणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न मागे ठेवतो. या आठवड्यात तोच पुढे घेतो.

मिनेसोटा ऑर्केस्ट्रा हा काही किरकोळ संच नव्हता. 1903 सालची ही संस्था. 2003 पासून फिनलंडचे ओस्मो वान्स्का तिचे संगीत दिग्दर्शक होते आणि त्यांच्या हाताखाली ती जगातल्या उत्तम वाद्यवृंदांच्या पंगतीत जाऊन बसली होती. सिबेलियसच्या सिंफनींचं ध्वनिमुद्रण सुरू होतं, त्याचं सर्वत्र कौतुक होत होतं. अशा संस्थेच्या व्यवस्थापनाने वादकांपुढे जो मसुदा ठेवला त्यात सरासरी पगार वर्षाला सुमारे 1 लाख 35 हजार डॉलरवरून 89 हजारांवर आणायचा होता. एका झटक्यात जवळपास तिसरा हिस्सा जाणार होता. शिवाय कामाच्या नियमांतही पुष्कळ बदल सुचवले होते.

व्यवस्थापनाचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. 2008 च्या मंदीत संस्थेच्या कायम निधीला मोठा फटका बसला होता, ताळेबंदात 60 लाख डॉलरची तूट दिसत होती. तिकिटांच्या पैशांवर एवढा मोठा वाद्यवृंद चालत नाही, देणग्या आणि निधीचं व्याज लागतंच. पण त्याच काळात सभागृहाच्या नूतनीकरणावर सुमारे 5 कोटी डॉलर खर्च होत होते. पुढे संचालक मंडळाची इतिवृत्तं वृत्तपत्रात आली तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. सभागृहासाठी राज्य सरकारकडे मदत मागायची होती त्या वर्षांत निधीतून जादा पैसे उचलून जमाखर्च जुळता दाखवला गेला होता, आणि वादकांशी बोलणी करायची वेळ आली तेव्हा तूट पुढे केली गेली होती. संस्था अडचणीत आहे हे वादकांनाही कळत होतं. त्यांचा विश्वास उडाला तो या हिशेबामुळे. पैशांची चणचण माणसं समजून घेतात, आपल्याला फसवलं जातंय ही भावना मात्र लवकर जात नाही.

आता हा पगार कशाचा, ते सांगायला हवं. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रात एक जागा रिकामी झाली की शेकडो अर्ज येतात. ऑडिशन पडद्याआड होते. कोण वाजवतंय हे परीक्षकांना कळू नये म्हणून कित्येक ठिकाणी जमिनीवर गालिचा अंथरतात, कारण टाचांच्या आवाजावरूनही बाई की पुरुष हे ओळखता येतं. पाच-सहा वर्षांच्या वयात हातात घेतलेल्या वाद्याची सगळी मेहनत त्या काही मिनिटांत पणाला लागते. वाद्य स्वतःचं, आणि चांगल्या व्हायोलिनची किंमत घराच्या किमतीइतकी असू शकते. निवड झाली तरी पुढची एक-दोन वर्षं प्रोबेशनची. सहकारी वादकांची समिती आणि संगीत दिग्दर्शक मिळून ठरवतात, मग माणूस कायम होतो. त्यानंतर ‘वाजवणं खालावलं’ म्हणून कुणाला काढायचं तर लेखी सूचना, सुधारण्याची संधी, सहकाऱ्यांपुढे सुनावणी अशा पायऱ्या पार कराव्या लागतात.

ही व्यवस्था आपोआप आलेली नाही. कंडक्टर जॉर्ज सेल 1946 मध्ये क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राकडे आले तेव्हा त्यांनी आल्या आल्या कितीतरी वादकांना घरी पाठवलं. कंडक्टरची मर्जी हाच तेव्हा कायदा होता. हंगाम वर्षातले काही महिने चालायचा, उरलेले महिने वादकांनी शिकवण्या करायच्या नाहीतर दुकानात काम करायचं. 1962 मध्ये अमेरिकेतल्या सिंफनी आणि ऑपेराच्या वादकांनी स्वतःची परिषद उभी केली, आणि 1964 मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या वादकांना बावन्न आठवड्यांचा, म्हणजे पूर्ण वर्षाच्या पगाराचा करार मिळाला. आज जगभर ज्या कसदार वादनाला आपण दाद देतो ते या करारांनंतर बहरलं. वर्षभर एकत्र बसणारी माणसंच एकमेकांचा श्वास ओळखतात.

मर्जीचा कारभार काय करू शकतो याचं जर्मनीतलं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. 1980 मध्ये म्युनिक फिलहार्मोनिकने ट्रॉम्बोनसाठी पडद्याआड ऑडिशन घेतली. निवड झाली ॲबी कोनंट या अमेरिकन वादक बाईंची. पत्र गेलं होतं ‘श्रीयुत’ कोनंट यांच्या नावे, पडदा सरला तेव्हा बाई समोर आल्या. प्रोबेशनचं वर्ष त्यांनी व्यवस्थित पार केलं. तरी 1982 मध्ये कंडक्टर सेर्जिऊ चेलिबिडाके यांनी त्यांना पहिल्या ट्रॉम्बोनवरून दुसऱ्यावर ढकललं. पहिल्या जागी पुरुष हवा, असं त्यांना सांगण्यात आलं. कोनंट कोर्टात गेल्या. त्यांचा दम पुरेसा आहे का हे सिद्ध करायला त्यांना फुप्फुसांच्या तपासण्या करून घ्याव्या लागल्या, तज्ज्ञापुढे वाजवून दाखवावं लागलं. त्या जिंकल्या. जागा मिळाली, पण बरोबरीच्या पुरुषांइतका पगार मिळवायला आणखी काही वर्षं भांडावं लागलं. सगळं संपायला 1993 साल आलं. चेलिबिडाके थोर संगीतकार होते यात वाद नाही. म्हणूनच सांगतो, थोर माणसाच्या हातीही दुसऱ्याची भाकरी मोकळी सोडू नये.

कायम नोकरीचा गैरफायदा घेणारेही असतात. ज्याचा हात आता चालत नाही तो वादक वर्षानुवर्षं खुर्ची अडवून बसतो, असं होतं. त्याहून गंभीर प्रकार न्यूयॉर्कमध्ये झाला. गैरवर्तनाच्या आरोपांवरून फिलहार्मोनिकने 2018 मध्ये दोन वादकांना काढलं. त्या दोघांनी आरोप नाकारले, संघटना त्यांच्या बाजूने लढली आणि 2020 मध्ये लवादाने त्यांना परत घ्यायला लावलं. 2024 मध्ये एका नियतकालिकाने तक्रारदार महिलेची हकिगत सविस्तर छापली, तेव्हा सहकारी वादक तिच्या बाजूने उभे राहिले आणि त्याच वर्षी त्या दोघांना जावं लागलं. संघटनेने फक्त कामावर असलेल्याची खुर्ची राखायची आणि शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईच्या सुरक्षिततेकडे पाठ फिरवायची, हे चालणार नाही. सहकाऱ्यांची सुरक्षितता हाही नोकरीच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. न्यूयॉर्कच्या वादकांनी ते उशिरा का होईना ओळखलं.

मिनेसोटात वादक गप्प बसले नाहीत. त्यांनी दुसरी सभागृहं भाड्याने घेऊन स्वतःचे कार्यक्रम सुरू केले, आणि श्रोते तिथे गर्दी करून आले. श्रोत्यांनी आपल्या संघटना काढल्या, ताळेबंद वाचायला घेतले, आमदारांना गाठलं. उत्तर आयर्लंडमध्ये समझोता घडवून आणणारे जॉर्ज मिचेल यांना मध्यस्थ म्हणून आणलं, त्यांनाही तोडगा काढता आला नाही. दरम्यान, चांगले चांगले वादक दुसऱ्या शहरांत नोकऱ्या धरून निघून चालले होते. 1 ऑक्टोबर 2013 ला, टाळेबंदीला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधले कार्यक्रम हातचे गेल्यावर वान्स्का यांनी राजीनामा दिला. त्याच आठवड्यात त्यांनी टाळेबंदीतल्या वादकांबरोबर विद्यापीठाच्या सभागृहात निरोपाचे कार्यक्रम केले. नवंकोरं झालेलं ऑर्केस्ट्राचं स्वतःचं सभागृह तेव्हा वादकांविना उभं होतं.

जानेवारी 2014 मध्ये समझोता झाला. वादकांनी सुरुवातीला 15 टक्के कपात मान्य केली, आरोग्यविम्याचा जादा भार उचलला. व्यवस्थापनाने मागितली होती त्याच्या निम्म्याहूनही ही कपात कमी होती. त्याच महिन्यात सिबेलियसच्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. फेब्रुवारीतल्या पहिल्या कार्यक्रमाला नव्वदीचे स्तानिस्वाव स्क्रोवाचेव्स्की उभे राहिले, त्यांनी 1960 ते 1979 या काळात हाच वाद्यवृंद सांभाळला होता. वान्स्का परत आले, मुख्य व्यवस्थापक गेले. पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी, 2015 मध्येच, दोन्ही बाजूंनी नवा करार करून टाकला. त्याच वर्षी हा वाद्यवृंद क्युबाला गेला आणि 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेत सोवेटोच्या चर्चमध्ये वाजवून आला. शहर तेच होतं, देणगीदार बहुतेक तेच होते. फरक एवढाच पडला की वादकांना हिशेबात घेऊन हिशेब होऊ लागला.

हे एकट्या मिनेसोटाचं दुखणं नाही. डेट्रॉइटला 2010 च्या ऑक्टोबरपासून सहा महिने संप झाला. शिकागोचे वादक 2019 मध्ये पेन्शनसाठी सात आठवडे संपावर होते, आणि त्यांचे दिग्दर्शक रिकार्दो मुती फुटपाथवर त्यांच्या शेजारी उभे राहिले. पेन्शनचा मुद्दा वादकाला एवढा का टोचतो, हे ज्याने साठीतल्या व्हायोलिनवादकाचा खांदा पाहिलाय त्याला विचारा. त्या वयात दुसरं काम शिकता येत नाही.

मुंबईतही असा मोठा वाद्यवृंद होता. तो वेगळ्या रीतीने मोडला. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला पन्नास-पन्नास, कधी शंभर वादक बसायचे. त्यांत गोव्याचे कितीतरी होते, चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन शिकून आलेले. सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर त्यांच्यासाठी ओळ न् ओळ लिहून द्यायचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून पाहिला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये गुरूचं नाव गाण्यात गुंफलं. बाकीच्या शेकडो वादकांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. सिने म्युझिशियन्स असोसिएशन होती, तिने श्रेणी आणि दर ठरवले, पण काम शिफ्टवरच राहिलं. सिंथेसायझर आला, एकेक वाद्य वेगळं ध्वनिमुद्रित करायची सोय झाली, आणि मोठे संच विरून गेले. त्यासाठी कुणाला टाळेबंदी करावी लागली नाही. फोन येणं बंद झालं, एवढंच. मिनेसोटाच्या वादकांकडे लढण्यासाठी निदान एक करार होता.

मुंबईत 2006 मध्ये एनसीपीए या कलाकेंद्राने खुश्रू सनटूक आणि मरात बिसेनगालिएव्ह यांच्या पुढाकाराने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. चांगलं काम आहे. पण त्यातले बरेच वादक परदेशातून, विशेषतः कझाकस्तानातून येतात. भारतीय वादक पुरेसे तयार होत नाहीत, असं म्हटलं जातं. पणजीतल्या किंवा पुण्यातल्या मुलीने आयुष्याची पंधरा वर्षं चेलोला द्यावीत आणि शेवटी हाती शिकवण्या आणि लग्नातले कार्यक्रम यावेत, असा हिशेब असेल तर कुठले आईबाप तिला पाठवतील?

आपल्याकडचा कायदाही या बाबतीत तोकडा आहे. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात वादकांसह सर्व प्रयोगकर्त्या कलावंतांना व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा आणि नाव सांगण्याचा हक्क दिला. मात्र त्याच कायद्याच्या व्याख्येत एक अपवाद बसवला. सिनेमात ज्याचा सहभाग प्रासंगिक किंवा आनुषंगिक आहे आणि व्यवसायाच्या रूढीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीसह कुठेच येत नाही, त्याला या हक्कांपुरतं कलावंत धरलं जात नाही. दोन्ही अटी एकत्र लागू व्हाव्या लागतात, हे खरं. पण ज्याचं नाव कधी छापलंच नाही त्याने आपलं वाजवणं प्रासंगिक नव्हतं हे कशावर सिद्ध करायचं? वर्षानुवर्षं नावं गाळण्याची प्रथा निर्मात्यांनी पाडली आणि ती प्रथाच कायद्यात वादकाच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभी राहू शकते.

संसदेने हा अपवाद काढावा, ही मागणी संगीतावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने करायला हवी. तोवर निर्मात्यांना आणि संगीतकारांना माझी विनंती आहे: वादकाने वाद्य पेटीतून काढण्याआधी त्याच्या हातात लेखी करार द्या, आणि पहिल्या व्हायोलिनपासून शेवटच्या तालवाद्यापर्यंत प्रत्येकाचं नाव श्रेयनामावलीत छापा.