दुखणं मनगटात, ठपका मनावर

'टेन्शन घेऊ नका, निम्मं दुखणं त्याचंच आहे.' मनगटात नस दबलेल्या, कार्पल टनेलच्या ऑपरेशनसाठी थांबलेल्या रुग्णांना हे हमखास ऐकवलं जातं. यामागचा पूर्वपक्ष असा: या रुग्णांत उदासी आणि चिंता बरीच आढळते; उदास माणूस त्रास फुगवून सांगतो; तेव्हा आधी मन ताळ्यावर आणा, ऑपरेशनचं मग पाहू.

उदासी आढळते, हे मान्य. मन खचलेले रुग्ण त्रासाच्या प्रश्नावलीत जास्त गुण नोंदवतात आणि नसेच्या विद्युत तपासणीशी त्या गुणांचा मेळ नीट बसत नाही, हेही मान्य. म्हणून ते फुगवून सांगतात? तपासणी नसेतून संदेश किती वेगाने आणि किती जोराने जातो तेवढंच मोजते. अपरात्री मुंग्यांनी जाग येऊन हात झटकत बसणं तिच्या आलेखात उमटत नाही.

बरं, उदासीची मोजपट्टी तरी निर्दोष आहे का? पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण. त्यांतला एक झोपेचा, एक थकव्याचा. रोज झोपमोड होणाऱ्या बाईला या दोनच प्रश्नांत ६ गुण पडू शकतात आणि 'सौम्य नैराश्य' ५ पासूनच सुरू होतं! मनगटाची उधारी मनाच्या खात्यावर.

उरलेले प्रश्न मात्र हातावर ढकलता येणार नाहीत. कशातच रस न वाटणं, स्वतःबद्दल वाईट वाटणं, मरणाचे विचार येणं, यांवर उपचार हवेतच. पण ऑपरेशन अडवून नव्हे. नस फार काळ दबून राहिली तर अंगठ्याच्या बुंध्याचा स्नायू वाळतो, तो पुढे भरून येईलच असं नाही. शिवणकामावर घर चालवणारीला सुईत दोरा ओवता येईना, तर तिची चिंता हा आजार की हिशेब?

'नस मोकळी झाली की मनही मोकळं होईल' ही शल्यचिकित्सकांची सोयही मला पटत नाही. ऑपरेशननंतर अनेकांची उदासी उतरते; जुनं नैराश्य असलेल्यांचा हात सुधारूनही समाधान कमी राहू शकतं.

म्हणून ऑपरेशनच्या यादीत नाव घालतानाच पीएचक्यू-९ भरून घ्यावी, रात्री मनगटाला बांधायला स्प्लिंट द्यावा. गुण १० किंवा जास्त आले, तर लवकरात लवकर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावं; मरणाच्या प्रश्नाचं उत्तर शून्य नसेल, तर त्याच दिवशी. ऑपरेशनची तारीख मात्र त्यासाठी पुढे ढकलू नये.