शृंगार आणि भय यांचा सहवास : ‘ट्वायलाइट’च्या निमित्ताने

काही वर्षांपूर्वी मोरगावहून बारामतीस एस.टी.ने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी रक्तपिपासू नायकाची प्रेमकादंबरी हा विषय सुचविला होता. स्टेफनी मायर यांची ‘ट्वायलाइट’ (२००५) आणि नारायण धारप यांची ‘लुचाई’ शेजारी ठेवून पाहाव्यात, असा तिचा प्रस्ताव होता. ‘हा अभ्यासाचा विषय नव्हे’ असा शेरा मारून मी तो परत केला. तिने निमूटपणे ग्रामीण कादंबरीवर प्रबंध लिहिला. ‘ट्वायलाइट’ मी वाचली ती त्यानंतर. आज तो शेरा मी मारला नसता. मात्र कादंबरी निर्दोष आहे, असेही मला म्हणावयाचे नाही.

विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त शृंगाराच्या विरोधी रसांत भयानकाची गणना आहे. विरोधी रस एकत्र आणावयाचे तर एकास अंगभूत करावे, वा दोहोंचे आश्रय वेगळे ठेवावेत, असे मार्ग आनंदवर्धनाने दाखविले आहेत. रक्तपिपासूच्या प्रेमकथेला हे मार्ग परवडत नाहीत. ज्याचे ओठ हवेसे वाटतात त्याचेच दात गळ्यावर यावयाचे असतात. ओढ आणि भीती एकाच व्यक्तीविषयी, एकाच मनात नांदावी लागते. शेरिडन ल फानू यांच्या ‘कार्मिला’त (१८७२) निवेदिका लॉरा हिला आकर्षण आणि किळस एकाच क्षणी जाणवतात. या प्रकाराचे यश मोजावयाचे ते याच कसोटीवर.

‘ट्वायलाइट’चा पूर्वार्ध या कसोटीस बऱ्यापैकी उतरतो. जीवशास्त्राच्या वर्गात एडवर्ड बेलाशेजारी मुठी आवळून, अंग चोरून बसतो. तिला तो तिरस्कार वाटतो; ती तहान होती, हे पुढे कळते. एकाच देहबोलीचे हे दोन अर्थ लेखिकेने बराच काळ हुशारीने पेलले आहेत. पुढे स्पर्शच धोकादायक ठरल्यामुळे गालाजवळ आलेल्या बोटांनाही विलक्षण भार येतो. चावट म्हणून हिणविल्या गेलेल्या या कादंबरीत प्रत्यक्ष शरीरसंबंध नाही. तो विवाहानंतर, मालिकेतील चौथ्या ‘ब्रेकिंग डॉन’मध्ये (२००८) येतो. येथील धग थांबण्यातून निर्माण होते. नायक-नायिका समोरासमोर असूनही अनुभव विप्रलंभाचा येतो. न वाचताच नाके मुरडणाऱ्या आम्हा अध्यापकांच्या हे ध्यानात यावे कसे?

परंतु एडवर्डचे कुटुंब जनावरांच्या रक्तावर जगते आणि उन्हात जळण्याऐवजी चमकते. त्याच्याविषयीचे भय हळूहळू नुसता दागिना होऊन बसते. ही उणीव भरून काढण्यासाठी शेवटी जेम्स नावाचा शिकारी बाहेरून आणला जातो. म्हणजे प्रेम एकावर, भीती दुसऱ्याची! विरोध मिटतो खरा, पण त्याबरोबर या प्रकाराचे मर्मही जाते. त्यात ऐन संघर्षात निवेदिका बेलाच शुद्ध हरपून बसते आणि वाचकाच्या हाती तुटक आवाज तेवढे उरतात.

याहून गंभीर आक्षेप निराळा आहे. एडवर्ड रात्री बेलाच्या नकळत तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत बसतो. हे कळल्यावर ती सुखावते, आणि कादंबरी विषय तेथेच सोडते. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) घरातील कोणी बोलाविल्याखेरीज पिशाचाला प्रथम उंबरठा ओलांडता येत नाही. या अटीमुळे होकाराला आणि नकाराला वजन होते. मायर यांनी ती अट टाकली, आणि तिच्याबरोबर नायिकेचा नकारही गेला. वर्गात समोर मुली बसलेल्या असताना हा केवळ तंत्राचा दोष आहे, असे मला म्हणवत नाही.

अमरत्वाविषयी त्या विद्यार्थिनीने आपल्या गावच्या क्षेत्रकथेचा दाखला दिला होता. सूर्याकडून मिळालेले अमृताचे पात्रच सिंधू दैत्याने गिळले. मयूरेश्वराने त्याचा देह छेदून ते रिते केले, तेव्हाच तो मारता आला. तेथे अमरत्व पोटात वागवावे लागते, आणि ते फोडताही येते. एडवर्ड १९१८ च्या साथीत सतराव्या वर्षी मरणोन्मुख असताना अमर होतो. आपण आत्मा गमावला, असे तो मानतो. पण रूप, वेग, संपत्ती यांपैकी काहीच त्याने गमावलेले दिसत नाही. मग बेलाने त्याच्यासारखे होऊ मागणे हा त्याग कसा ठरावा? हा परिच्छेद मी तांबड्या शाईने ‘अप्रस्तुत’ म्हणून खोडला होता.

‘लुचाई’ स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’वर (१९७५) आधारलेली आहे, एवढ्यावरच तिची चर्चा बहुधा संपते. शीर्षकाकडे मात्र पाहावे. ‘लुचणे’ हे क्रियापद आपण अंगावर पिणाऱ्या तान्ह्या मुलाविषयी वापरतो. रक्त पिणाऱ्यासाठी धारपांनी इतका घरगुती, आईच्या कुशीतला शब्द जवळ केला. आपल्याकडे पुरुषाला भुलविणारी हडळ आहे, जखीण आहे. मुलीच्या नजरेतून हवासा वाटणारा पिशाच-पुरुष मात्र मराठी भयकथेत क्वचितच भेटतो. परभाषेतून भय आले आणि शृंगार वेशीबाहेरच का राहिला, हा त्या प्रस्तावातील शेवटचा प्रश्न होता. त्याला उत्तर न देताच मी सही केली होती.