‘भारी’ वाइनच्या नावानं चांगभलं!

आपल्या मराठीत एक गंमत आहे. ‘भारी’ म्हणजे वजनदार, आणि ‘भारी’ म्हणजे एकदम झकास. ‘हलकं’ म्हणजे कमी वजनाचं, आणि ‘हलकं’ म्हणजे फालतू. कापडापासून भांड्यांपर्यंत हा हिशेब बऱ्यापैकी चालून जातो. पण हाच हिशेब आपण रेड वाइनला लावतो आणि तिथं गाडं फसतं.

गेल्या शुक्रवारी टीम डिनरला हेच झालं. मी हौसेनं एक बोजोले मागवली होती. ग्लासात आली तर रंग कोकम सरबतासारखा, आरपार दिसणारा. आमच्या टीममधल्या स्वयंघोषित वाइन-पंडितानं एक घोट घेतला आणि फर्मान काढलं, "फ्रूटी आहे रे. लेडीज ड्रिंक!" (टेबलावर तीन मुली होत्या. एकीनं त्याच्याकडे असं पाहिलं की सोमवारी तिच्याकडे त्याचा कोड रिव्ह्यूला जाणार होता हे आठवून मला गुदगुल्या झाल्या.) मग साहेबांनी दुप्पट किमतीची, ओकच्या पिंपात मुरवलेली, जीभ कोरडी ठाक करणारी कॅबर्ने मागवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. जेवण संपलं तेव्हा कॅबर्ने अर्धी शिल्लक होती. बोजोले कधीच संपली होती. पण "काय भारी वाइन होती!" हे सर्टिफिकेट कुणाला मिळालं, ते सांगायला नकोच.

माझं भांडण कॅबर्नेशी नाही. स्वतःच्या जिभेपेक्षा बाटलीच्या रुबाबावर विश्वास ठेवण्याशी आहे.

मुळात फ्रूटी म्हणजे गोड नव्हे. द्राक्षातली साखर आंबताना जवळजवळ सगळी संपते. उरतो तो फळाचा वास आणि आंबटपणा. रासबेरी, चेरी ही त्यांची फळं झाली. मला विचाराल तर पिकलेली करवंदं तोंडात फोडल्यावर जे होतं, त्याच्या जवळपासचं काहीतरी. यात पोरकट काय आहे?

बोजोले हा ल्यों शहराच्या उत्तरेचा डोंगराळ पट्टा. तिथली रेड बनते गामे नावाच्या एकाच द्राक्षापासून. या बिचाऱ्या गामेला हिणवायची परंपरा फार जुनी आहे. 1395 साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड यानं हुकूम काढून आपल्या मुलखातून गामेचे वेल उपटून टाकायला सांगितले. भरघोस पीक देतं म्हणजे हलकंच असणार, पिनो न्वार तेवढं खानदानी! थोडक्यात, आमचा पंडित सहाशे वर्षं उशिरा जन्माला आलाय. पण दक्षिणेला, बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर गामे छान रमलं.

तिथली पारंपरिक पद्धतही मजेदार आहे. द्राक्षं चिरडत नाहीत, अख्खे घोस टाकीत भरतात. तळाची द्राक्षं वरच्यांच्या वजनानं फुटून आंबायला लागतात, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकीभर पसरतो, आणि वरच्या अख्ख्या द्राक्षांत आतल्या आतच आंबणं सुरू होतं. त्यामुळे सालीतला तुरटपणा कमी उतरतो आणि फळाचा वास खुलतो. म्हणजे हा हलकेपणा जाणूनबुजून मिळवलेला आहे.

आता खरं बोलायचं तर बदनामीत बोजोलेवाल्यांचाही हात आहेच. नोव्हेंबरातल्या तिसऱ्या गुरुवारी ‘बोजोले नूव्हो’ जगभर वाजतगाजत येते. सुगीनंतर काही आठवड्यांतच बाटलीत भरलेली, पुष्कळदा केळ्याच्या नाहीतर बबलगमच्या वासाची. थट्टामस्करीला ठीक आहे. पण तेवढ्यावर अख्ख्या बोजोलेचा निकाल लावणं म्हणजे आंब्याची गोळी चघळून हापूसवर मत देणं.

मग घ्यायची कोणती? इथे फ्रेंच लोक आपल्याला छळतात. द्राक्षाचं नाव बाटलीवर बहुधा नसतंच, असतं गावाचं. बोजोलेत असे दहा ‘क्रू’ आहेत आणि त्यांच्या बाटल्यांवर कित्येकदा ‘बोजोले’ हा शब्दही सापडत नाही. तीन नावं लक्षात ठेवली तरी पुरे. फ्लरी ही फुलांच्या वासाची, नाजूक. मॉर्गों जरा भरदार. आणि मुलँ-आ-व्हाँ, जी चांगल्या सालची असेल तर दहा वर्षंही टिकते. द्राक्ष तेच, गावं शेजारशेजारची, आणि चवीत एवढा फरक! खिसा सांभाळायचा असेल तर नुसती ‘बोजोले-व्हिलाज’ घ्या, फक्त साल ताजं बघा.

आणि कृपा करून ती थंड करा. "रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची" हा नियम युरोपातल्या गार दगडी घरांचा. पुण्यातल्या मे महिन्यात तो पाळलात तर ग्लासात काढा मिळेल. बोजोलेला 12 ते 14 अंश उत्तम, म्हणजे फ्रिजमध्ये साधारण तासभर. तिखट रश्शाबरोबर तर हीच बरी, कारण जाड तुरट रेडनं मिरचीची आग आणखी भडकते.

ल्योंच्या बुशोंमध्ये, म्हणजे तिथल्या साध्या खाणावळींमध्ये, ही वाइन 46 सेंटिलिटरच्या जाड बुडाच्या बाटलीत, कसलाही समारंभ न करता टेबलावर येते. ल्योंला तीन नद्या आहेत, रोन, सोन आणि बोजोले, असं तिथले लोक कौतुकानं म्हणतात. त्यांना कुणी "हलकं पिताय बुवा" म्हणून बघावं!

असो. पुढच्या शनिवारी पंडितांना घरी बोलावलंय. त्यांची लाडकी कॅबर्ने आणि माझी मॉर्गों, दोन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवणार आहे. चिकन सुक्कं आई करणार आहे. कुठली बाटली आधी संपते ते कळवतोच :)