आरोग्यविचार: गालगुंडाचा मागाहून उठणारा उपद्रव

पनवेलच्या एका भगिनी विचारतात, “गालगुंड बरें होऊन कांहीं महिने लोटले; आतां मुलाचें डोकें दुखतें, सकाळीं ओकारी होते. यांत कांहीं संबंध असेल काय?” मुलास तत्काळ डॉक्टरांस दाखवावें, असें त्यांस टपालानें कळविलेंच आहे. इतरांसाठीं हा खुलासा.

मेंदूच्या पोकळ्यांत पाण्यासारखा स्वच्छ द्रव अखंड पाझरतो. प्रौढांत रोज सुमारें 500 घन सेंटिमीटर. तो एका चिंचोळ्या नळींतून खालीं उतरून पुढें रक्तांत मिसळतो. गालगुंडाचे विषाणु क्वचित् या नळीच्या अस्तरांत शिरतात. ताप ओसरतो, पण मागाहून नळी आकसते व पाणी कोंडतें. 1967 सालीं अमेरिकेंत जॉन्सन प्रभृति संशोधकांनीं हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पिलांत हें दाखवून दिलें.

म्हणून तान्ह्याचें डोकें झपाट्यानें वाढलें, टाळू फुगली, किंवा मोठ्या मुलास वरील लक्षणें दिसलीं, तर जुनें गालगुंडहि डॉक्टरांस आठवणीनें सांगावें. कोंडलेल्या पाण्यास शस्त्रक्रियेनें वाट करून देतां येते.

2017 सालीं आलेल्या गोवर-रुबेला लशींत गालगुंडाचा अंश नाहीं. तिहेरी लशीविषयीं डॉक्टरांस अवश्य विचारावें.