दम लागण्याचे मोजमाप

डोंबिवली स्थानकाचा पूल चढताना एखाद्या तिशीतल्या स्त्रीला धाप लागली, तर त्याचे कोणास फारसे नवल वाटत नाही. गर्दी आहे, घाई आहे, अंगात रक्त कमी असेल. आणि एवढ्यानेही समाधान झाले नाही, तर रासायनिक कारखान्यांची हवा आहेच. ज्या गावात २०२० साली एक रस्ता चक्क गुलाबी झाला, तेथे श्वासाच्या प्रत्येक तक्रारीचे खापर हवेवर फुटावे हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. परंतु या समजुतीच्या आड एक दुर्मीळ आणि घातक विकार कित्येक महिने, प्रसंगी वर्षेही, दडून राहतो. फुप्फुसधमनीचा उच्च रक्तदाब हा तो विकार होय.

दंडाला पट्टा बांधून मोजतात तो हा रक्तदाब नव्हे. दंडावरील आकडा अगदी निर्दोष असू शकतो. फुप्फुसांतील बारीक धमन्या आतून जाड व अरुंद होत जातात आणि त्या वाटेने रक्त लोटता लोटता हृदयाची उजवी बाजू थकते. रुग्ण दगावतो तो बहुधा या थकव्याने. प्रतिध्वनी-तपासणीने, म्हणजे आपल्या नेहमीच्या ‘इको’ने, संशय येतो, पण निश्चित निदानासाठी उजव्या हृदयात नळी घालून दाब मोजावाच लागतो.

अमेरिकेत १९८१ ते १९८५ या काळात अशा रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली गेली. निदानानंतर निम्मे रुग्ण २.८ वर्षांच्या आत दगावले होते आणि पाच वर्षांनी शंभरातले अवघे ३४ हयात होते. त्या काळी या रोगावर खास असे औषध नव्हते. पुढे १९९५ साली शिरेतून सतत द्यावयाचे एपोप्रोस्टेनॉल आले, २००५ साली सिल्डेनाफिलला या विकारासाठी मान्यता मिळाली, त्यामागून इतर गोळ्या आल्या. (सिल्डेनाफिलची ख्याती भलत्याच कारणासाठी असल्याने, पत्नीची चिठ्ठी घेऊन गेलेल्या नवऱ्याला औषधाच्या दुकानात उगाच ओशाळे व्हावे लागते. संकोचापायी गोळी अचानक बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते.) तेव्हा ‘किती दिवस?’ या प्रश्नाचे चाळीस वर्षांपूर्वीचे उत्तर आज देणे हा रुग्णावर अन्याय होय.

आजचे उत्तर कसे काढावयाचे? २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी निदानाच्या वेळी रुग्णांचे तीन गट मानले आहेत. येत्या वर्षभरात मृत्यूची शक्यता शेकडा ५ हून कमी असलेला पहिला, ५ ते २० पर्यंतचा दुसरा आणि २० हून अधिक असलेला तिसरा. पुढील प्रत्येक भेटीत चार पायऱ्यांची मोजणी करावयाची, आणि तिला साधने लागतात ती फक्त तीन. रोजच्या कामात दम किती लागतो हा प्रश्न, सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो हे अंतर, आणि हृदयावरील ताण दाखविणारी एक रक्ततपासणी. चाल ४४० मीटरहून अधिक भरली तर धोका कमी. १६५ मीटरही भरली नाही तर तो सर्वाधिक. मुख्य म्हणजे पहिल्या दिवशी रुग्ण कोणत्या गटात होता यापेक्षा औषधोपचारानंतर तो कमी धोक्याच्या गटात पोचला की नाही, यावरून त्याच्या दीर्घ आयुष्याचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो. म्हणूनच ही मोजणी तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा पुन्हा व्हावयास हवी, आणि आकडा हलला नाही तर उपचार वाढवावयास हवेत. ‘तब्येत आहे तशीच आहे’ हे या रोगात समाधानाचे वाक्य नव्हे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ही कोष्टके मुख्यत्वे पाश्चात्त्य रुग्णांवरून बनलेली आहेत. केरळातील ५० रुग्णालयांनी दोन हजारांवर रुग्णांची नोंद केली, तेव्हा निम्म्याहून अधिकांत मूळ दोष हृदयाच्या डाव्या बाजूचा आढळला. त्यांचे उपचार निराळे आणि त्यांना हे कोष्टक लागू नाही. जन्मजात छिद्रामुळे हा विकार जडलेले रुग्ण कित्येकदा अंदाजाहून बरीच अधिक वर्षे जगतात. टक्केवारी समूहाची असते. समोर बसलेल्या व्यक्तीचे भविष्य त्यात लिहिलेले नसते. पण म्हणून ती तिच्यापासून लपवावी काय? आपल्याकडे डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, नातेवाईक रुग्णाला सांगत नाहीत, आणि ‘लग्न करून द्या, सारे ठीक होईल’ असा सल्ला देणारे वडीलधारे घरात असतातच. या विकारात गर्भारपण मातेच्या जिवावर उठते. जिला स्वतःचा धोका ठाऊक नाही, तिने हा निर्णय कशाच्या आधारे घ्यावयाचा?

नळी-तपासणीसाठी आणि औषधांच्या निवडीसाठी परळपर्यंत जावे लागले तर ते समजण्यासारखे आहे. पण दर तीन महिन्यांची मोजणीही तेथेच का? ज्याला जिना चढवत नाही, त्याने कसारा वा कर्जत गाडीच्या दारात लोंबकळत केवळ सहा मिनिटे चालून दाखविण्यासाठी परळ गाठावे, यातील विसंगती कोणाच्याही ध्यानात येईल. या चाचणीला तीस मीटरांचा सपाट मार्ग, घड्याळ, मोजपट्टी आणि शिकविलेला एक माणूस पुरतो. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय येथे महिन्यातील एक सकाळ यासाठी राखून ठेवणे ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांना अवघड नाही. रक्ततपासणी खर्चाची आहे हे खरे. तिचा भार पालिकेने उचलावा. मोजणीचा कागद रुग्णाच्या हाती द्यावा, मराठीत लिहिलेला, आणि गेल्या वेळचे अंतर त्यावर आजच्या अंतराशेजारी असावे.