लॅपटॉप गोठतो, तोही बहरीनच्या उन्हाळ्यात!



बाहेर पारा चाळिशी ओलांडून बसलेला आणि घरात लॅपटॉप मात्र गोठलेला! कोणी म्हणतं ‘हँग झाला’, कोणी म्हणतं ‘अडकला’. मंडळातल्या एक काकू तर ‘रुसून बसलाय मेला’ असंच म्हणतात. शब्द कुठलाही असो, या सदराला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. तेव्हा या खेपेला जरा पद्धतशीर बघू या.

आधी नाडीपरीक्षा. पडदा थिजला की कॅप्स लॉकचं बटण दाबून पाहा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे? मग बहुधा यंत्र जिवंत आहे, एखादाच प्रोग्रॅम अडून बसलाय. दोन मिनिटं थांबा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहिलेला प्रोग्रॅम निवडून बंद करा. दिवाही हलत नसेल आणि माउसही ढिम्म असेल, तरच पॉवरचं बटण दहा-एक सेकंद दाबून धरायचं. हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. लिहिलेलं सेव्ह केलं नसेल तर ते जाणार, हे लक्षात असू द्या.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला की आपली मंडळी लगेच दुरुस्तीच्या मागे लागतात. थांबा! आधी कॉपी, मग दुरुस्ती. गुदैबियातल्या एका घरची गोष्ट सांगतो. सासरे इथे व्हिजिट व्हिसावर आले होते, तेव्हा सूनबाईंनी त्यांना बोलतं करून गावच्या आठवणी रेकॉर्ड केल्या होत्या. पुढे सासरे गेले. आवाज उरला तो त्या एका जुन्या लॅपटॉपमध्ये. तो अडकायला लागल्यावर जो तो सांगू लागला, ‘व्हायरस असणार, फॉरमॅट मारा!’ सूनबाई ठाम राहिल्या. बाहेरची डिस्क जोडून त्यांनी आधी आवाजाच्या फाइली उतरवल्या, मग घराचे कागद, मग फोटो. फोटो अर्ध्यावर असतानाच डिस्क कुरकुर करत कायमची बंद पडली. उरलेले फोटो गेले, पण आवाज वाचला. क्रम चुकला असता तर? म्हणून जे पुन्हा मिळणार नाही ते आधी उतरवा. सिनेमे काय, पुन्हा मिळतात. डिस्क आजारी वाटत असेल तर तपासणीचे प्रोग्रॅमसुद्धा कॉपी झाल्यानंतरच चालवा. त्यातही तिला श्रम होतातच.

आता कारणांकडे वळू. आपल्याकडे पहिला संशयित म्हणजे उष्णता आणि धूळ. बऱ्याच लॅपटॉपच्या पुस्तिकेत बाहेरचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं छापलेलं असतं. इथे कडक उन्हाळ्यात उघड्यावरच्या कामाला दुपारी १२ ते ४ सक्तीची सुट्टी आहे. लॅपटॉपला मात्र आपण बंद गाडीत भाजत ठेवतो! त्यात शमाल वाऱ्याची बारीक धूळ पंख्याच्या जाळीत जाऊन बसते. हवा खेळत नाही. मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि फारच तापला तर यंत्र फट्‌दिशी बंद होतं. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नका. बंद करून, चार्जर काढून, हवेच्या डब्याने थोडी थोडी फुंकर मारा. त्या वेळी पंखा काडीने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. एसीतला गार लॅपटॉप दमट बाल्कनीत नेला तर त्यावर चष्म्यासारखा दव धरतो. तो वाळल्याशिवाय सुरू करू नका.

दुसरी गंमत पाहा. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मिलिसेकंद मोजणारा एक आकडा होता. सुमारे ४२९ कोटींपर्यंत मोजून तो पुन्हा शून्यावर येई. म्हणजे यंत्र सलग ४९.७ दिवस चालू राहिलं की अडकू शकत असे! तो दोष गेला, पण दिवसेंदिवस न थांबता चालण्याचा थकवा अजून आहे. ‘मी रोज शट डाउन करतो की!’ असं म्हणाल. पण विंडोज ८ पासून बऱ्याच यंत्रांत शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. खरी आंघोळ होते ती ‘रिस्टार्ट’ने. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी म्हणा हवं तर, रिस्टार्ट करा.

तरीही अडकतोय? टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’ आणि ‘डिस्क’ हे दोन रकाने बघा. मेमरी सतत नव्वद टक्क्यांवर असेल तर रॅम अपुरी आहे. विंडोज ११ ला कागदोपत्री ४ जीबी पुरते, पण ती मुंबईच्या लोकलमध्ये चौथी सीट पुरते तशी. ८ जीबी असावी. डिस्क सारखी शंभर टक्क्यांवर असेल आणि ती जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवून घ्या. नव्या लॅपटॉपचे पैसे वाचायची बरीच शक्यता. शिवाय डिस्कवर दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा. नेमकं कधी काय बिनसलं हे पाहायला ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडा. त्यात तारीखवार लाल फुल्या दिसतात. नवीन प्रोग्रॅम टाकला त्या दिवसापासून फुल्या सुरू झाल्या असतील, तर चोर सापडला!

दोन लक्षणं मात्र घरगुती उपायांची नव्हेत. डिस्कमधून टकटक आवाज येणं आणि बॅटरी फुगून तळ किंवा टचपॅड वर येणं. फुगलेली बॅटरी दाबू नका, चार्ज करू नका. ‘सुट्टीत इंडियाला गेल्यावर बघू’ हेही इथे चालणार नाही, कारण अशी बॅटरी विमानात न्यायला मनाई आहे. इथेच जाणकाराकडून काढून घ्या.

आणि ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांच्यासाठी : त्याचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा यंत्रावर खर्च करण्याआधी ते विंडोज ११ घेऊ शकतं का, हे पाहून घ्या.

या शुक्रवारी चहा झाला की एवढं एकच करा : घरातल्या मोठ्यांचे आवाज, फोटो आणि कागद यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, भारतात भावाकडे किंवा क्लाउडवर. लॅपटॉप बाजारात मिळतो, मंडळी. बाकीचं मिळत नाही.