नीट चावता येतं का?

मगरिबनंतर नालासोपाऱ्यातल्या आमच्या घरात सध्या जर्मनचा अभ्यास चालतो. धाकटी लेक नर्सिंग झाली आहे. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हापासून तिने तिकडे जायचे मनावर घेतले आहे.

परवाचा शब्द होता ‘काउएन’, म्हणजे चावणे. मध्ये ‘फ’ आला की ‘काउफन’, म्हणजे विकत घेणे! मराठीत आपण घास चावतो आणि कुत्राही चावतो. जर्मनमध्ये कुत्र्यासाठी ‘बाइसन’ हा वेगळा शब्द आहे. उर्दूत चबाना आणि काटना वेगळे, तसेच. फारसीतले ‘जवीदन’ हे या ‘काउएन’चे दूरचे नातलग.

मग लेकीने रुग्णाला विचारायचे वाक्य पाठ केले, ‘क्योनेन झी गुट काउएन?’

तस्बीह ओढत बसलेल्या दादींनी विचारले, “काय म्हणतेस गं?”

“आपल्याला नीट चावता येतं का, दादी.”

“नाही गं बाय. वर्ष झालं.”

आम्ही सगळे गप्प झालो. दादी भाकरी चहात बुडवून खात, गोश्त नातवंडांच्या ताटात सरकवत. आम्ही त्याला माया समजत होतो. वसईची सुकेळी त्यांच्या आवडीची, तीही त्यांनी केव्हाच सोडली होती. आमच्या ध्यानात आले नव्हते.

चावताना अन्न बारीक होते, त्यात लाळ मिसळते आणि पिष्टाचे पचन तोंडातच सुरू होते. चावता येत नसेल तर माणूस कमी खातो, अशक्त होतो. मोठा घास तसाच गिळला तर घशात अडकू शकतो. जेवायला फार वेळ लागणे, वारंवार ठसका लागणे, कपडे सैल होणे, एकाच बाजूने चावणे, या खुणा घरच्यांनी ओळखाव्यात.

आम्ही दादींना दंतवैद्याकडे नेले. हलणारे दात काढायचे आहेत, हिरड्या भरल्या की कवळी बसेल. तोवर मऊ खिचडी, बारीक वाटलेला खिमा, अंडे आणि शिजवून कुस्करलेला भोपळा. दस्तरखानावर आता त्या सर्वांबरोबर बसतात, आणि आम्हीही त्यांच्या गतीने जेवतो.

मिस्वाकची सुन्नत आपण मुलांना हौसेने शिकवतो. ज्यांचे दात गेले, त्यांची विचारपूस मात्र राहून जाते. परदेशातल्या अनोळखी वृद्धांना विचारण्यासाठी आमच्या लेकीने जो प्रश्न पाठ केला, तो आज रात्री आपल्या घरात, आपल्या भाषेत विचारून पाहा.